आपापली माणसं मोजा

आमच्या जिन्याच्या वळणावर मी चपलांचं कपाट ठेवलं. घरात ते मावत नव्हतं आणि वळण रिकामं होतं. माझा विचार सहसा इथेच संपतो.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आगाशेकाकूंनी त्यावर काठी वाजवली.

"धूर आला की हे ओलांडणार, का आधी जोड शोधणार?"

"उद्या हलवतो," मी म्हणालो. नारायण पेठेत या उत्तराला कोणी फसत नाही.

काकूंना आगीची भीती नाही, अगत्य आहे. मंगल कार्यालयात त्या आधी मागचं दार बघतात, मग नवरी. कोणाकडे गेल्या की टेकण्याआधी विचारतात, "सिलिंडर बंद केलात?" महिन्यातून एकदा आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत जिना उतरायची तालीम असते. काकू स्वतः खुर्चीत बसतात आणि मला आणि शेजारच्या शेखभाईंना उचलायला लावतात. खाली पोचलं की हुकूम, "आपापली माणसं मोजा." शेखभाई त्यांची मोजतात, मी वर गॅलरीत बसलेल्या आईला मोजतो. काकू एकट्याच राहतात, त्यामुळे त्यांचं मोजणं लवकर उरकत असेल असं मला वाटे.

एका दुपारी तळमजल्यावरची मीटरची पेटी पेटली. सगळे भराभर उतरले. आईला चालवत नाही, म्हणून मी तिला खुर्चीत घालून कशीबशी वळणापर्यंत ओढत आणली. खुर्ची कपाटाला अडली. खालून धूर चढत होता. मी कपाट ढकललं, तर ते आडवं पडून जिन्यात घट्ट बसलं.

तेवढ्यात पलीकडून काठी आली, मग तोंडाला ओला पदर बांधलेल्या काकू. कपाटावर चढून त्या आमच्या बाजूला उतरल्या.

"मागे फिरा. आता खाली जायचं नाही."

घरात शिरून त्यांनी दार लावलं, ओली चादर फटीत कोंबली आणि आईला गॅलरीत बसवून तिचा हात धरला. बंब येऊन धूर निवळेपर्यंत तो सोडला नाही.

"अहो, तुम्ही खाली पोचला होतात ना?" आई म्हणाली. "मग परत कशाला आलात?"

"मोजली. माझ्यात कमी भरलं."

"तुमच्यात?"

"मग? मला कुठे वेगळी माणसं आहेत? मी सगळ्यांनाच मोजते."

मी विचारलं, "काकू, आम्हा दोघांसाठी त्या धुरातून चढलात?"

काकूंनी पदरानं चष्मा पुसला.

"एकीसाठी. तुम्हाला मी माणसांत धरलं नव्हतं, अडगळीत धरलं होतं."