‘थ्रो अप’ म्हणजे वर फेकणे

शाळेचा फोन आला की तो आपण उचलायचा नाही, संध्याकाळी ठकीच्या बाबांना करायला लावायचा, असा ठकीच्या आईचा शिरस्ता होता. शाळा कसली, बालवाडीच ती, पण इंग्रजी. त्या दिवशी मात्र भाजी निवडता निवडता तिच्या मनात आलं, सातवीपर्यंत शिकले आहे मी, फोन काय मला खाणार आहे? आणि तिने ओल्या हाताने फोन उचलला. पुढचं सगळं महाभारत त्या ओल्या हाताने घडवलं.

तसं तिला इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही. ठकीचे बाबा मालाच्या गोदामात कामाला. खोक्यांवरचं वाचून वाचून त्यांचं इंग्रजी पक्कं झालेलं. त्यांनी जेवता जेवता तिला किल्लीच देऊन टाकली होती.

“अगं, इंग्रजी म्हणजे काय? एक काम आणि त्याला एक शेपूट. अप म्हणजे वर, डाउन म्हणजे खाली, आउट म्हणजे बाहेर. काम ओळखायचं, शेपूट जोडायचं, झालं.”

(गोदामात ही युक्ती कधी चुकली नव्हती. खोकी उलट बोलत नाहीत.)

फोनवर मॅडम होत्या. “हॅलो. शी हॅज थ्रोन अप इन द क्लास. प्लीज कम अँड पिक हर अप.”

“यस मॅडम,” ठकीची आई म्हणाली. (मॅडम काहीही बोलल्या की ती हेच म्हणायची.) फोन ठेवला आणि ती अर्थ लावायला बसली. थ्रो म्हणजे फेकणे. शेपूट अप. वर फेकली. आणि काय फेकली? ते तर मॅडमनी, या बाईला कळावं म्हणून, बिचाऱ्यांनी सरळ मराठीतच सांगितलं होतं.

शी.

ठकीने वर्गात शी वर फेकली.

ठकीच्या आईच्या हातातली जुडी गळून पडली. ठकीला शाळेत घेताना मॅडमनी पहिली अट हीच घातली होती, मुलीला शी-शू सांगता आली पाहिजे. महिनाभर बघू, मग नाव पक्कं करू. ठकीच्या बाबांनी तिथल्या तिथे हळूच कानात मराठी करून सांगितलं होतं आणि ठकीच्या आईने छातीठोकपणे “यस” म्हटलं होतं. (ठकी सांगायची. बहुतेक वेळा. झाल्यावर.) आणि आता महिना भरायच्या आत पोरीने हे दिवे लावले होते.

राहिलं ‘पिक हर अप’. पिक म्हणजे उचल, हर म्हणजे, दुसरं कोण, ठकीच, अप म्हणजे वर. तिला वर उचला. म्हणजे जिने फेकली तिनेच पुसायची, आईने फक्त उचलून धरायचं. शिक्षा रास्त होती. पण ठकी ती केवढीशी. आईने डोक्यावर धरली तरी तिचा हात छताला कसा लागणार?

ठकीच्या आईने बादली घेतली, फडकं घेतलं, फिनेलची बाटली घेतली आणि ती खाली रंगारीकाकांच्या दारात उभी राहिली.

“काका, शिडी द्या जरा.”

“काय रंगवायचंय?”

“रंगवून झालंय. पुसायचंय.”

“कुठे?”

“छतावर. शाळेच्या. लहान मुलाच्या हातचं आहे.”

रंगारीकाकांनी चष्मा वर केला. “छतावर? बाळ काय पालीच्या वंशातलं आहे का, सूनबाई?”

तिला उत्तर द्यायला वेळ नव्हता. शिडी खांद्यावर टाकून ती निघाली. वाटेत कुणी हाक मारली की ती वळून बघायची आणि तिच्याबरोबर शिडीही वळायची. कुणाचा तरी वाळत घातलेला सदरा शिडीच्या टोकाला लागून शाळेपर्यंत आला.

वर्गात मॅडम नव्हत्या. मुलं गोल करून बसली होती. ठकी दिसेना. तिला कुठेतरी कोपऱ्यात उभं केलं असणार, असं आईला वाटलं. तिने मुकाट्याने शिडी मधोमध उघडली आणि फडकं घेऊन चढली. पंखा बघितला. पंख्याची पाती बघितली. ट्यूबच्या मागे वाकून बघितलं. छत तिच्या घरच्या ताटांइतकं स्वच्छ होतं.

“काकू, काय शोधताय?” एका मुलीने विचारलं.

“काही नाही हं, बाळा.”

“उंदीर?”

एवढं पुरलं. सगळा वर्ग “उंदीर, उंदीर” करत बाकांवर चढला. आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून मॅडम धावत आल्या आणि दारातच थबकल्या.

“काम डाउन,” त्या दोन्ही हात हलवत म्हणाल्या. “प्लीज, काम डाउन.”

कम म्हणजे ये, डाउन म्हणजे खाली. अगदी पुस्तकातलं वाक्य. ठकीची आई आज्ञाधारकपणे खाली उतरली. (मॅडम शांत व्हा म्हणत होत्या. पण ती उतरल्यावर वर्ग शांत झाला, तेव्हा दोघींचंही काम झालं.)

“मॅडम,” ती घाम पुसत म्हणाली, “व्हेअर शी?”

“शी इज इन माय रूम,” मॅडम म्हणाल्या. “ऑन माय चेअर.”

मॅडमच्या खुर्चीवर. ठकीची आई बादली उचलून धावली. खुर्चीवर ठकी बसली होती. तोंड उतरलेलं, हातात पाण्याचा पेला. आईने तिला उचललं, काखेत धरलं आणि वाकून खुर्चीचा कोपरान् कोपरा तपासला.

“आई,” ठकी काखेतून म्हणाली, “मला उलटी झाली.”

“उलटी? मग फेकलंस काय?”

मॅडम मागे उभ्या होत्या. ठकीच्या आईचा धीर सुटला आणि त्याबरोबर तिचं इंग्रजीही. “मॅडम, तिला काढू नका हो. ती सांगते शी लागली की. हल्ली तर झाल्याबरोबर सांगते.”

मॅडम आधी खुर्चीला टेकल्या, मग त्यांना हसू आवरेना. “अहो ताई,” त्या चक्क मराठीत म्हणाल्या, “थ्रो अप म्हणजे उलटी होणं. पिक अप म्हणजे न्यायला या. आणि शी म्हणजे ती. ठकी.”

“पण मॅडम, उलटी तर खाली पडते. मग अप कसं?”

मॅडमनी ठकीच्या हातातला पेला काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

“तुम्हाला मराठी येतं?” ठकीच्या आईने विचारलं.

“येतं म्हणजे? घरी दुसरं बोलतो काय आम्ही? पण तुम्ही पहिल्या दिवशी प्रत्येक प्रश्नाला असं झोकात यस म्हणालात, मला वाटलं तुमच्याकडे इंग्रजीच चालतं. तुम्हाला फोन करायचा तर मी आधी वाक्य जुळवून घेते, माहिती आहे?”

“आणि तिचं नाव?”

“उलटी झाली म्हणून कुणी नाव काढतं का? महिना भरू दे, मग पक्कं करून टाकू. यापुढे मी तुमच्याशी मराठीतच बोलेन. फक्त ती शिडी तेवढी न्या.”

संध्याकाळी ठकीच्या बाबांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “अगं, शी म्हणजे ती, एवढं तरी आठवायचंस.”

“तुम्ही तरी सांगायचंत.”

“खोक्यावर नसतं ते.”

मग भांडी घासताना, ठकीला भरवताना, रंगारीकाकांची शिडी पोचवताना ती एकच घोकत राहिली, शी म्हणजे ती, शी म्हणजे ती. आता जन्मात चुकणार नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. तिने न घाबरता उचलला. मॅडमच होत्या, आणि शब्दाला जागून मराठीत बोलत होत्या.

“पोट बिघडलं असेल म्हणून विचारते, ताई. आता शी कशी आहे?”

सवयीने एक इंग्रजी शब्द मध्ये आलाच होता. पण नेमका तोच तिला येत होता.

“एकदम छान आहे, मॅडम. दुपारभर घरभर फिरली. आता बाबांच्या मांडीवर बसलीय.”



“आणि बाबा?” मॅडमनी हळूच विचारलं.

“ते पापे घेताहेत तिचे.”

मॅडम म्हणाल्या, “नाव पक्कं करायचं आपण अजून एक महिना थांबून बघू.”

“यस मॅडम,” ठकीची आई म्हणाली.