आयुधपूजेतला ब्रॅकेट

तपासणीच्या आदल्या रात्री, नजरेआड नको म्हणून, उपेंद्रने ब्रॅकेट घरी आणला, इथेच सगळं बिघडलं. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या ओतकामाच्या कारखान्यात तो क्वालिटी इंजिनिअर. पुण्याच्या एका दुचाकी कंपनीने त्यांच्या ब्रॅकेटचे दोन नमुने नापास केले होते. तिसरा गेला तर दसऱ्यानंतर येऊ नकोस, असं मालकाने तोंडावर सांगितलं होतं. म्हणून त्याने हा नमुना स्वतः बफच्या चाकावर धरून आरशासारखा चमकवला. कारखान्यात चमक हीच क्वालिटी. बाकीची कागदावर असते.

सासूबाई अंबुजा तंजावरकडच्या. जावयाचं व्याख्यान महिनाभर ऐकून त्यांना पाठ झालं होतं. हे डब्याचं अॅल्युमिनियम नव्हे, मिश्रधातू आहे. सिलिकॉनमुळे साच्यात सरसर वाहतो, तांब्यामुळे ताकद येते, आणि गंजाचं तर नाव नको.

सकाळी आयुधपूजा होती, म्हणजे आपली खंडेनवमी. विळी, कात्री, लेकीचा, रेवाचा कॉम्प्युटर, सगळं पुसून झालं. जावयाचं आयुध तेवढं पारोसं कसं ठेवायचं? बाईंनी ते धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात तासभर बुडवलं, चिंचेने घासलं आणि वर कुंकवाचे पट्टे ओढून देवापुढे मांडलं.

उपेंद्र आंघोळ करून आला, तर देवापुढे काळंठिक्कर काहीतरी बसलेलं.

"आई, काय केलंत हे?"

"घासलं, माप्पिळ्ळै." जावयाला त्या तमिळमध्येच हाक मारत. "तुम्हीच म्हणालात, ह्याला काही होत नाही."

"गंजत नाही म्हणालो. सोडा खातो त्याला."

"मग एवढंच सांगायचं राहिलं की तुमचं."

रेवा हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली. नोकरी नवऱ्याची जात होती, पण चेहराच तसा झाला होता त्याचा.

कंपनीच्या बसमध्ये त्याने ब्रॅकेट रुमालाने पुसपुस पुसला. रुमाल लाल झाला, ब्रॅकेट काळाच राहिला. दहा वाजता कारखान्यात, पुण्याच्या कंपनीकडून तपासायला आलेल्या विद्याधररावांनी तो खिडकीशी नेऊन भिंग लावलं. बोल्टच्या भोकाशेजारी तांबड्या ठिपक्यांची रांग होती. बफने बुजवलेली छिद्रं सोड्याने उघडली होती आणि त्यांत कुंकू जाऊन बसलं होतं.

"छिद्रं शोधायला रंग घालतात, ती तपासणी कुठे करून घेतलीत?"

"घरीच," उपेंद्र म्हणाला. खोटं काही सुचेना.

"नापास. ओतताना हवा अडकलीय, रस्त्यात मोडला असता." मालक पांढराफटक पडला. विद्याधररावांनी भिंग खिशात टाकलं. "पण आपली खोट स्वतः रंगवून दाखवणारा सप्लायर मी पहिल्यांदा बघतोय. चौथा नमुना द्या. तपासणी ह्यांचीच," ते उपेंद्रकडे बोट दाखवत म्हणाले.

शुक्रवारी उपेंद्र चार ब्रॅकेट आणि सोड्याचं पाकीट घेऊन घरी आला.

"आज कसली पूजा?" सासूबाईंनी विचारलं.

"चौथ्या नमुन्याची."

"चकाकवून आणलेत?"

"नाही, आई."

"मग द्या इकडे," म्हणत त्यांनी पदर खोचला.