लिंबू पुढे, मोहरी मागे

एका सकाळी मी दुकानातला मोठा आरसा उतरवला आणि त्या जागी टीव्ही लावला. एवढंच केलं. पण गिऱ्हाईक खांद्यावर कापड टाकून ऐटीत वळायचं आणि समोर स्वतःऐवजी समुद्र दिसायचा.

कारण आमची ही. हौशी लोकांच्या शिडाच्या होड्यांची सहा दिवसांची शर्यत होती आणि एका होडीवर ही नि तिची पोहण्याच्या वर्गातली मैत्रीण. मागच्या वर्षी दोघी अर्ध्यातून परतल्या तेव्हा मी म्हणालो होतो, "बरं झालं. हे आपलं काम नव्हे." (धीर द्यायची माझी ही पद्धत आहे.) तिने ते वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. वर्षभर मी त्याच वाक्यापुढे मान खाली घालून गार पाणी काढतोय.

"सहाव्या दिवशी पाचच्या आत शेवटची रेषा ओलांडली," निघताना ती म्हणाली, "की हा कागद तुम्ही स्वतःच्या हाताने काढायचा."

धक्क्यावरून तिचा फोन आला. "नकाशावर आमचा ठिपका पिवळा हं! झेंडाही त्याच रंगाचा. कापड आपल्याच दुकानातलं नेलंय, तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा."

टीव्हीवर शर्यतीचा नकाशा लावून बघतो तर पिवळे ठिपके दोन. एक लिंबू, एक मोहरी. बाजूला नावं होती, पण बारीक.

शेजारचा शिंपी म्हणाला, "शेठ, चष्मा लावा की."

"नावाला चष्मा लागतो, रंगाला नजर पाहिजे," मी म्हणालो. "पस्तीस वर्षं कापडात गेली माझी. लिंबू रंग हातोहात खपतो. मोहरीचं ठाण सात वर्षं वरच्या फळीवर पडून आहे, उंदीरसुद्धा शिवत नाही. माझी बायको ते उचलेल?"

मी माझ्या अकलेवर खूश.

आणि लिंबू निघाला की हो सुसाट! पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे. तिसऱ्या दिवशी तर एवढा पुढे की जरा थांबून मागच्यांची वाट बघायचा. "मन मोठं आहे तिचं," मी गिऱ्हाइकांना सांगायचो. मोहरी मात्र सगळ्यांच्या मागे, गोगलगाईसारखी. "अशा लोकांना घरी समजावणारं कुणी नसतं का हो?" असंही मी म्हणालो. (हे वाक्य शिंप्याने नीट लक्षात ठेवलं. शिंप्यांना मापं लक्षात ठेवायची सवयच असते.)

पाचव्या दिवशी दुपारी लिंबू गर्रकन वळला आणि उलटा निघाला, तो थेट मोहरीपाशी जाऊन थांबला. त्या गोगलगाईपायी हिची शर्यत बुडणार आणि तो कागद आणखी वर्षभर फ्रिजवर राहणार! मी शर्यतीच्या कचेरीत फोन लावला.

"लिंबू होडीला सांगा, त्या मोहरीला सोड आणि पुढे हो!"

"अहो, मोहरीचं शीड फाटलंय. दोघी बायका आहेत तिच्यावर."

"त्यांचं त्यांच्या घरचे बघतील!"

"आपण कोण बोलताय?"

"लिंबू होडीवरच्या बाईंचा नवरा!"

"साहेब, लिंबू ही आमची राखणीची लाँच आहे. इंजिनाची. तिच्यावर तीन पुरुष आहेत आणि तिघांनाही मिशा आहेत."

मी चष्मा लावला. यादीत मोहरी रंगापुढे आमच्या हिचं नाव होतं.

शिंपी हळूच म्हणाला, "शेठ, मोहरीच्या घरचे आता काय बघणार?"

काय बघणार! सहाव्या दिवशी दुकान बंद करून मी धक्क्यावर. मागे शिंपी आणि निम्मी बाजारपेठ. बाकी होड्या दुपारीच आल्या होत्या. साडेचार झाले. पावणेपाच झाले. मी, जो भरल्या बादलीपासूनही चार हात लांब उभा राहतो, तो गुडघाभर पाण्यात उतरून ओरडत होतो, "ये गं! ये!" पाच वाजायला सात मिनिटं असताना एक होडी लंगडत आली. शिडाला ठिगळ, दोघींची तोंडं उन्हाने रापलेली, आणि रेषा पार! सगळ्यांनी एकच जल्लोष केला. मी रडलो. (समुद्राचं पाणी उडालं होतं, असं मी शिंप्याला सांगितलं.)

डोळे पुसून वर बघतो तर डोलकाठीवर फडफडणारा झेंडा चक्क लिंबू रंगाचा! माझ्या जिवात जीव आला.

"बघा!" मी बाजाराकडे वळून गरजलो. "लिंबूच आहे की नाही? माझी नजर चुकत नाही!"

ही धक्क्यावर उतरली, शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मिळणारं पदक गळ्यात घालून घेतलं आणि म्हणाली, "अहो, निघताना तो मोहरीच होता. म्हटलं, खपणारं ठाण कशाला फाडा, पडून होतं तेच नेलं. दुसऱ्या दिवशी पहिली लाट आली आणि निम्मा रंग घेऊन गेली." मग सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात, "दुकानात ती 'रंग जाणार नाही'ची पाटी आहे ना, ती तुम्हीच लिहिली होतीत ना?"

घरी आल्याबरोबर मी फ्रिजवरचा कागद स्वतःच्या हाताने काढला. दुसऱ्या दिवशी दुकानातली पाटीही काढली. मोहरीचं ठाण मात्र आठवड्यात संपलं. सगळ्यांना वहिनींच्या झेंड्याचं कापड हवं होतं. मीही मोठ्या ऐटीत कात्री हातात घ्यायचो, आणि प्रत्येक गिऱ्हाईक न चुकता विचारायचं,

"शेठ, धुण्याआधीचा रंग देताय की नंतरचा?"