बाह्या गेलेला शर्ट

"आता आपलं दिवाळं निघणार!" किमान मजुरी वाढली आणि पहिला वाढीव पगार मोजून देताच लाँड्रीच्या मालकांनी कपाळावर हात मारला आणि इस्त्रीवाल्या मावशींना लगोलग अर्ध्या दिवसावर आणलं. "उद्यापासून दुपारीच या. सकाळची इस्त्री मी करतो. त्यात काय, सरळ फिरवायची!"

"इतकी वर्षं गल्ल्यावरची नजर सोडली, तर तुम्ही काही फिरवलेलं नाही," बायको म्हणाली. मावशी मात्र पिशवी उचलून निघाल्या.

सकाळी पहिला आला तो बँकेचा रखवालदार. "पगार वाढला, म्हणून नवा शर्ट घेतला. आज पोरीला शाळेत बक्षीस मिळतंय. जपून हं मालक!"

पाठोपाठ बेकरीतली पोरगी गाठोडं घेऊन आली, मग सलूनमधले दोघं. सगळ्यांचं एकच, "चार पैसे हातात आलेत, आता घरी कोण इस्त्री करत बसतंय!" इतकं गिऱ्हाईक मालकांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते हरखून ढिगाकडे बघत राहिले, आणि इस्त्री रखवालदाराच्या नव्या शर्टाच्या बाहीवर बसून राहिली.

धूर निघाला तेव्हा बायको ओरडली, "अहो, बाही!"

"अर्ध्या बाह्यांचा करू. कोणाला कळतंय?" मालकांनी कात्री घेतली. डावी कापली, तर उजवी लांब वाटली. उजवी कापली, तर डावी. असं करता करता कात्री दोन्ही खांद्यांना भिडली.

"बाह्या कुठायत?" शर्ट न्यायला आलेल्या रखवालदाराने विचारलं.

"हवेशीर केलाय," मालक म्हणाले. पण त्याचं तोंड एवढंसं झालेलं पाहून त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मुकाट्याने अंगातला कोरा शर्ट उतरवून त्याला दिला आणि बिनबाह्यांचा स्वतः चढवला. तो पोटावर बसेना.

दुपारी मावशी आल्या. काखेत त्यांचंच गाठोडं होतं. मालकांचे उघडे दंड पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मावशी, उद्यापासून पूर्ण दिवस या. मजुरी वाढीवच देईन. ढीग बघा हा!"

"सकाळी समोरच्या खानावळीत लागले ना. तिथंही गर्दी आवरत नाही, माणूस पाहिजेच होता त्यांना."

मालकांनी गल्ला उघडून दाखवला. "खानावळीपेक्षा जास्त देतो! या हो!"

"बघते," मावशी हसल्या. "त्यांना चार दिवस तरी द्यावे लागतील. तोवर हे गाठोडं घ्या. दोन कामांत घरी इस्त्रीला सवडच नाही."

"आत्ता करून देतो!" मालक इस्त्रीकडे धावले.

मावशींनी गाठोडं झटकन मागे ओढलं. "तुम्ही नको. पैसे मोजणारं गिऱ्हाईक आहे मी. माझे कपडे मीच करणार, आणि मजुरी तुम्ही द्यायची."