सिंह कपाटात आहे

आमच्या इमारतीत माझ्याइतकी तल्लख स्मरणशक्ती कोणाची नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. ही गेल्यापासून सहा महिन्यांत फक्त दोनदा गॅस चालू राहिला. पण मुलीनं फर्मान काढलं, "डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टर म्हणाले तर इथे राहा. नाहीतर सामान बांधा आणि माझ्याकडे चला."

हे घर सोडायचं म्हणजे काय? मी ज्येष्ठांच्या स्मरणवर्गात नाव घातलं. तिथल्या बाईंनी युक्ती शिकवली. लक्षात ठेवायची प्रत्येक गोष्ट मनातल्या मनात आपल्या घरात एकेका जागी ठेवायची. मग घरभर फेरी मारून एकेक उचलायची. मी रोज सराव करू लागलो. ऐन सरावात मुलीचा फोन आला.

"बाबा, काय चाललंय?"

"सिंह कपाटात ठेवलाय. घोडा मोरीत मावत नाहीये."

"बाबा, गोळ्या घेतल्या का?"

"मध्ये बोलू नकोस. हवालदार फ्रीजमध्ये राहिलाय."

अर्ध्या तासात मुलगी आणि जावई दारात हजर. मी युक्ती समजावली, तर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. जावयानं तेवढ्यात कपाट किंचित उघडून पाहिलं. शिकलेला माणूस! मग वरात थेट दवाखान्यात.

डॉक्टरांनी वीस शब्द वाचून दाखवले. मी वीसच्या वीस सांगितले, वर उलटेही म्हणून दाखवले. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, मला दहाही जमले नसते." मी मुलीकडे असं पाहिलं, जणू कुस्ती मारली.

"शेवटचा प्रश्न," डॉक्टर म्हणाले. "घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघं," मी म्हणालो.

म्हणालो आणि मलाच कळलं. डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलं.

"ते लिहू नका," मुलगी घाईनं म्हणाली. "परवा फोनवर मीही यांना म्हणाले, आईला द्या. आणि दोन मिनिटं वाट बघत बसले."

"मी पण शोधायला उठलो होतो," मी म्हणालो.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे विसरणं नव्हे. याला औषध नाही. गॅसला मात्र आपोआप बंद होणारं बटण मिळतं, ते बसवा. आणि ताई, तुम्हीही त्या वर्गाला जा."

बुधवारपासून ती माझ्या शेजारच्या बाकावर बसते. वीसपैकी तिला नऊ येतात. कोणी कोणाकडे राहायला जायचं, हा विषय तिनं सध्या बंद ठेवलाय.