लॅपटॉप खरेदी समिती आणि ऐनवेळचा विषय

माझ्या पुतणीला पत्रकारितेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि त्याच दिवशी दुपारी चार वाजता आमच्या घरात एका लॅपटॉपची अधिकृत गरज निर्माण झाली. कॉलेजचं परिपत्रक स्पष्ट होतं. प्रत्येक विद्यार्थ्याने महिनाअखेरीस, संध्याकाळी पाचच्या आत, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेली एक बातमी सादर करावी. हाताने लिहिलेली चालणार नाही. उसन्या लॅपटॉपवरचीही चालणार नाही. जो चुकेल, त्याची वार्ताहर वर्गातून स्वागत व सूत्रसंचालन वर्गात बदली होईल.

दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ आणि मुलीचे वडील, पायात चपला सरकवून दुकानाकडे निघालेसुद्धा. मी त्यांना दारातच अडवलं. खरेदी शाखेत चौतीस वर्षं काढलेला सख्खा भाऊ घरात बसलेला असताना माणूस उठून सरळ दुकानात जातो, हे मला बघवेना. माझ्या कारकिर्दीत आमच्या कार्यालयात एकही चुकीची वस्तू आली नाही. कारण बहुतेक वेळा वस्तूच आली नाही. एका कारकुनाने पंखा मागितला होता. त्याची फाइल अकरा वर्षं फिरली, पण पंखा काही फिरला नाही. कारकून निवृत्त झाला आणि गरज आपोआप मिटली. याला म्हणतात पद्धत.

तेव्हा समिती स्थापन झाली. अध्यक्ष दादा, सदस्य वहिनी, तांत्रिक सल्लागार आमच्या ताईचे जावई आणि सचिव अर्थातच मी. जावईबापू कंप्युटरच्या कंपनीत आहेत. तिथे नेमकं काय करतात ते आम्हाला माहीत नाही, आणि जावयाला विचारायची सोय नसते. चिंगीला, म्हणजे पुतणीला, निमंत्रित म्हणून बसवलं. तिला मत नव्हतं, फक्त खुर्ची होती.

"लॅपटॉप कशासाठी हवा?" मी विचारलं.

"लिहायला."

"नुसतं लिहायला?"

"हो काका. माझी बातमी तयार आहे. नाल्यावरचा तो पादचारी पूल आहे ना, त्याचे कठडे सुटलेत. दोन्ही बाजूंचे. शाळेची पोरं त्यालाच टेकून उभी राहतात. मी रोज जाऊन बघतेय, बोल्ट हाताने फिरतात."

"तो ऐनवेळचा विषय झाला," मी म्हणालो. "तो शेवटी घेऊ. आधी विषयपत्रिका."

जावईबापूंनी घसा साफ केला. आज पत्रकार म्हटलं की व्हिडिओ आला, ड्रोन आला. उद्या मुलगी युद्धभूमीवर गेली तर लॅपटॉपने धूळ, पाणी आणि स्फोट सहन केला पाहिजे.

"कुठे चाललीय युद्धावर?" वहिनी कडाडल्या. "सातच्या आत घरात पाहिजे ती!"

तरी स्फोटाचा मुद्दा इतिवृत्तात घेतला. दादांचं म्हणणं पडलं की तो दहा वर्षं टिकावा. वहिनींना तो नवा हवा होता, पण दिसायला जुना, म्हणजे कोणी चोरणार नाही. वजनाला हलका, पण हातात घेतल्यावर घेतल्यासारखा वाटला पाहिजे, ही सूचना माझी. एवढं होईस्तोवर चहाची वेळ झाली आणि ऐनवेळचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

दुसऱ्या बैठकीच्या आधी आम्ही परीक्षणाचे त्रेसष्ट व्हिडिओ पाहिले. प्रत्येकात एक तरुण खोक्याचं कौतुक करत खोकं उघडायचा, आतल्या वस्तूची तारीफ करायचा आणि शेवटी आवाज खाली आणून सांगायचा, की थोडं थांबा, पुढच्या आठवड्यात नवीन मॉडेल येतंय. समितीने एकमताने थांबायचं ठरवलं. पुढच्या आठवड्यात नवीन मॉडेल आलं. त्याच तरुणाने त्याचंही खोकं उघडलं आणि आणखी थोडं थांबायला सांगितलं. इतका जबाबदार माणूस माझ्या शाखेत असता तर मी त्याला बढती दिली असती.

"काका, आज चोवीस तारीख आहे," चिंगी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "मला वार्ताहरच व्हायचंय हो. लहानपणापासून. आणि एखादं पोर खाली गेलं तर?"

"म्हणूनच घाई नको," मी तिला समजावलं. "घाईत घेतलेला लॅपटॉप आयुष्यभर छळतो."

सव्वीस तारखेला प्रत्यक्ष पाहणी झाली. दुकानदार बिचारा शांत स्वभावाचा निघाला. जावईबापूंनी अकरा लॅपटॉप कानाला लावून त्यांचा आवाज ऐकला. मी एकाचं झाकण चाळीस वेळा उघडून मिटवलं, कारण बिजागरी हा कोणत्याही वस्तूचा आत्मा असतो. तोवर चिंगी कोपऱ्यातल्या एका साध्या लॅपटॉपसमोर बसून टाइप करू लागली. बोटं अशी चालली होती की दुकानदारही बघत राहिला.

"अहो, हाच द्या पोरीला," तो म्हणाला. "मस्त जमतंय तिचं."

दुकानदाराने शिफारस केलेला माल घ्यायचा नाही, हा नियम मी शिकाऊ उमेदवारांनाही पाठ करायला लावत असे. मी चिंगीला उठवलं. जावईबापू तिच्या जागी बसले. तिने पुलाबद्दल पानभर मजकूर लिहिला होता. त्यांनी तो सगळा निवडला आणि एक बटण दाबलं.

"बघा, पुसायला किती फास्ट आहे!"

चिंगीने पिशवीतून वही काढली आणि त्यात काहीतरी लिहिलं. मला वाटलं, लॅपटॉपचे गुण टिपून घेतेय.

अखेर तीस तारखेला दुपारी बारा वाजता आम्ही लॅपटॉप घेतला. कोपऱ्यातलाच. बाकी सगळ्यांत समितीतल्या कोणाचा ना कोणाचा खोडा होता, आणि याच्यावर लेखी हरकत घ्यायचं तेवढं राहून गेलं होतं. रिक्षात धक्के बसतील म्हणून तो मी स्वतः हातात धरून चालत न्यायचं ठरवलं. जवळची वाट पुलावरून होती.

"काका, पुलावरून नको."

"चिंगे, ऐन वेळी विषय काढू नकोस गं."

पुलाच्या मध्यावर मला आठवलं की हमीपत्रावर शिक्का आहे की नाही, हे आपण पाहिलंच नाही. शिक्क्याशिवायचा कागद म्हणजे रद्दी. मी डाव्या कठड्याला टेकून हमीपत्र उघडलं. शिक्का होता. कठडा नव्हता.

नाल्यात पाणी कमी आणि दगड जास्त होते. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. पण एक गोष्ट अभिमानाने सांगतो, पडताना मी खोकं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं होतं. त्याला ओरखडासुद्धा गेला नाही. पुलावर गर्दी जमली आणि गर्दीतून पहिला प्रश्न आला, "अहो काका, लॅपटॉप ठीक आहे ना?"

दवाखान्यात माझ्या पायाला प्लास्टर चढत होतं, तेव्हा बाहेरच्या बाकावर चिंगीने तो सुरू केला. पडद्यावर अक्षरं आली, 'अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका.' दोन टक्के झाले. तीन वाजता एकोणीस. चार वाजता एकेचाळीस. तिने आमच्या बैठकांची इतिवृत्तं मागवून घेतली, त्यांच्या कोऱ्या पाठीवर हाताने सगळी बातमी लिहिली आणि धावत कॉलेज गाठलं. बातमी परत आली. त्यावर शेरा होता, 'मजकूर उत्तम. माध्यम अपात्र.'

चिंगी आता स्वागत व सूत्रसंचालन वर्गात आहे. पाहुण्यांचा परिचय करून देताना किती वेळा मान लववायची, ते शिकतेय. तिने ते सांगितलं तेव्हा मला लाज वाटली. खरंच सांगतो, पाय दुखत होता त्याहून जास्त. तिची बातमी मी प्रथमच वाचली, तीसुद्धा माझ्याच अक्षरातल्या ठरावांच्या मागे. लॅपटॉप वहिनींनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलाय, खराब होऊ नये म्हणून.

प्रशासनाने मात्र तत्परता दाखवली. चारच दिवसांत पुलावर नवा फलक लागला. 'डावा कठडा नाही. नागरिकांनी उजव्या कठड्याचा आधार घ्यावा.'

मला भेटायला आजवर छपन्न माणसं येऊन गेली. प्रत्येकाने खुर्ची ओढली, प्लास्टरवर टकटक केलं आणि पुढे वाकून विचारलं, "मग शेवटी कोणत्या कंपनीचा घेतलात?" तुम्हीही मघापासून त्याचसाठी थांबला आहात, मला दिसतंय. सांगतो की, त्यात काय लपवायचंय! फक्त मधे एक ऐनवेळचा विषय राहून गेलाय. चिंगीने पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं की दोन्ही बाजूंचे कठडे सुटलेत. उजव्याचं काय झालं, हे छपन्नांपैकी एकानेही विचारलं नाही.

असो. हां, कंपनीचं नाव विचारत होतात ना?