माया सोडू नये

भिंगरीने आजोबांचं नाव 'नको' ठेवलं होतं. दोन वर्षांची पोर. आजी दिसली की "आजी", मांजर दिसलं की "माऊ", आणि आजोबा दिसले की "नको!" त्यात आजोबांचा दोष एवढाच, की ते उभा जन्म शाळेत ड्रिलमास्तर होते. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराला सरळ उभं करायची सवय. मास्तर प्रेमाने "ये गं बाळा" म्हणाले, तरी समोरच्या घरातला माणूस दचकून दाराशी यायचा. भिंगरी तर थेट आईच्या पदराआड.

आतापर्यंत हे हसण्यावारी गेलं होतं. पण सोमवारपासून सूनबाईंची नोकरी पुन्हा सुरू होणार होती आणि आजींचे गुडघे भिंगरीमागे धावायला साफ नकार देत होते.

"बाबांकडे राहत असती तर प्रश्नच नव्हता," सूनबाई मास्तरांकडे न बघता हळूच म्हणाल्या. "पण आता पाळणाघराशिवाय इलाज दिसत नाही."

मास्तरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं, हे फक्त आजींनी पाहिलं. नातीला चांगले धडधाकट आजोबा असताना परक्याच्या दारात ठेवायचं, हे मास्तरांच्या मनाला फार लागलं.

आता भिंगरीला भिंगरी म्हणायचे ते उगाच नाही. दिवसभर ती स्वतःभोवती गरगर फिरायची, आणि फिरताना फ्रॉकचा घेर फुलला की खदखदून हसायची. मास्तरांनी ते हेरलं. दुसऱ्या दिवशी ते तीन रंगांची कापडं घेऊन आले.

"मी तिला स्कर्ट शिवणार," त्यांनी जाहीर केलं. "तीन."

"अहो, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही!"

"शिकेन. कागदी पॅटर्न मिळतात म्हणे. त्यावरून गाढवसुद्धा शिवेल."

"मग बसा," आजी म्हणाल्या.

पॅटर्न आणायचं काम चिरंजीवांकडे गेलं. दुकानात दोन वर्षांच्या मुलीचा पॅटर्न होता, पण चिरंजीवांनी विचार केला, मुलं काय, बघता बघता वाढतात. त्यांनी चार वर्षांचा घेतला आणि घरी काही बोलले नाहीत.

मग माप. मास्तर टेप घेऊन पुढे सरकले.

"नको!"

टेप सूनबाईंकडे गेली. कमर भरली एकोणीस इंच. पण पोरीने नुकतंच कुठे दोन घास खाल्ले होते, पोटभर जेवल्यावर काय होईल? सूनबाईंनी एकवीस सांगितले.

पॅटर्नचा कागद जेवणाच्या टेबलावर पसरून मास्तर चष्मा लावून बसले. खाली बारीक अक्षरात एकच सूचना होती: माया सोडू नये. मास्तर चमकले.

"अगं, ही शिवणातली माया म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. समोरच्या घरातल्या माणसाने खिडकी लावून घेतली.

आजी मिक्सर चालवत होत्या. "जास्तीचं कापड!" त्या ओरडून म्हणाल्या. "शिवणीशी ठेवतात! पोर वाढली की उसवून मोठं करता येतं!"

"इथं सोडू नये लिहिलंय!"

"काय?"

"माया! सोडू नये!"

"मग! माया हवीच!"

मास्तरांना पॅटर्न लिहिणाऱ्याबद्दल एकदम आदर वाटला. नातीचा स्कर्ट शिवायला घेतलाय, त्यात माया सोडून कसं चालेल? त्यांनी कडेने चार बोटं जास्त धरून खडूच्या रेघा मारल्या. मग वाटलं, एकुलती एक नात आणि चारच बोटं? त्यांनी आणखी दोन बोटं वाढवली आणि चहा प्यायला उठले.

तेवढ्यात आजी आल्या. रेघा पाहिल्या. त्यातली माया कोणती आणि माप कोणतं हे काही त्यांना कळलं नाही, पण पुरुषांच्या हाताला अंदाज नसतो एवढं पक्कं ठाऊक होतं. त्यांनी खडू घेतला, सगळ्या रेघा वीतभर बाहेर सरकवल्या आणि पदराला हात पुसत आत गेल्या.

मास्तरांनी परत येऊन तिन्ही कापडं एकावर एक ठेवली, वेगवेगळं कापायचा कंटाळा म्हणून, आणि एका दमात कापून टाकली. त्यामुळे पुढे जी चूक झाली ती तिन्ही स्कर्टांत अगदी सारखी झाली.

मशीन त्यांनी "डावा-उजवा, डावा-उजवा" म्हणत चालवलं. दोरा तुटला, बोटात सुई गेली, एकदा तर स्वतःची बाहीच स्कर्टाला शिवून बसले आणि आजींना कात्री घेऊन यावं लागलं. पण माणूस हटला नाही. कमरेच्या नेफ्यात इलॅस्टिक ओवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी एकवीस इंचांवर त्यालाही माया धरली. चांगली सहा बोटं. दुजाभाव नको.

रविवारी सगळ्यांसमोर पिवळा, बदकांचा स्कर्ट उलगडला. मास्तरांनी तो टेबलावर अंथरला. टेबल दिसेनासं झालं.

"बाबा," चिरंजीव जपून म्हणाले, "हा... कोणासाठी?"

"पॅटर्नप्रमाणे आहे! इंच न् इंच!"

"पॅटर्न जरा मोठा आणला होता मी," चिरंजीव पुटपुटले.

"मीही कमर दोन इंच वाढवून सांगितली होती," सूनबाई म्हणाल्या.

आजी छताकडे पाहू लागल्या. "रेघा मी थोड्याशाच सरकवल्या हं."

"आणि इलॅस्टिक?" सूनबाईंनी नेफा ताणून पाहिला. "बाबा, इलॅस्टिक कमरेपेक्षा कमी घ्यायचं असतं!"

आजींनी कागद उचलून डोळ्यांशी धरला. "अहो! माया सोडू नये म्हणजे ठेवू नये! आकृतीत आधीच धरलीये त्यांनी!"

"मग ठेवू नये असं लिहायचं! सोडू नये म्हणजे सोडू नये! मला मराठी शिकवतेस?"

हा वाद रंगात असताना भिंगरीची नजर बदकांवर पडली. "माझा!" म्हणत तिने स्कर्ट ओढला आणि दोन्ही पाय आत घातले. सूनबाईंनी तो वर केला. सोडला. स्कर्ट जमिनीवर. पुन्हा वर, पुन्हा जमिनीवर. काढायला गेलं की घर डोक्यावर.

"काढू नका, मी इलॅस्टिक ओढून घेते, दोन मिनिटांचं काम," आजी म्हणाल्या. "सेफ्टी पिन कुठाय?"

जो तो पिन शोधायला पांगला. खोलीत उरले मास्तर, खुर्चीत मान खाली घालून. आठवडाभर राबून हातात काय आलं, तर तीन तंबू. उद्या पोर पाळणाघरात.

भिंगरीने इकडेतिकडे पाहिलं. आई नाही, आजी नाही. एका मुठीत स्कर्ट कसाबसा सावरत ती दोन पावलं चालली, अडखळली, विचारात पडली. मग खुर्चीपाशी आली आणि मागचा सगळा चुणीदार गोळा मास्तरांच्या हातात कोंबला.

"धल."

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज समोरच्या घरापर्यंत गेला नाही. "बरं," ते कुजबुजले.

सूनबाई परत आल्या तेव्हा पुढे भिंगरी फिरत होती आणि मागे स्कर्ट मुठीत धरून, कमरेत वाकून, मास्तर फिरत होते. या खोलीतून त्या खोलीत, खिडकीतलं माऊ बघायला, परत इकडे. सूनबाई दारातच थांबल्या. पाळणाघराला काय सांगायचं ते त्यांनी तिथेच ठरवलं.

सोमवारी सूनबाई कामावर गेल्या तरी स्कर्ट तसाच सैल. घरातली एकमेव सेफ्टी पिन काही सापडत नव्हती. दुपारी मास्तर वाकले, तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी चकाकलं.

"अहो, ही काय पिन!" आजींनी ती पटकन काढून घेतली. "लबाड कुठले! कंबर मोडेल अशाने. सोडा आता तो स्कर्ट, दोन मिनिटांत घट्ट करून देते."

मास्तरांचा चेहरा पडला. हात सैल झाला.

भिंगरी गरकन वळली.

"आबा, शोडू नको!"

आजींनी पिन बटणांच्या डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.